पट घेऊन निघालेली माणसं

1935 साली मीर सुलतान खान आणि व्ही. के. खाडिलकर यांच्यात दहा डावांचा सामना झाला. सुलतान खान नऊ डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला. म्हणजे खाडिलकरांच्या पदरात अर्धा गुण पडला. समोरचा माणूस तीन वेळा ब्रिटिश विजेता झालेला होता आणि साक्षात माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवून आला होता, हे ध्यानात घेतलं तर तो अर्धा गुणही थोडाथोडका नाही. मला मात्र हा सामना आठवतो तो वेगळ्याच कारणासाठी. सुलतान खानांच्या नोंद झालेल्या मोठ्या सामन्यांपैकी हा जवळजवळ अखेरचा. यानंतर त्यांचं नाव जागतिक बुद्धिबळातून पुसल्यासारखं झालं. विलायत गाजवून परतलेल्या माणसाचा निरोपाचा सामना एका मराठी खेळाडूशी झाला आणि आपल्याकडे त्याची फारशी चर्चा कुणी केली नाही.

पुढच्या पानांचा विषय आहे गाव, प्रांत किंवा देश सोडून दुसरीकडे गेलेला बुद्धिबळपटू, आणि त्याच्यातला शिक्षक. विषय परका वाटेल. ग्रँडमास्टर म्हटलं की ओडेसा, मॉस्को, न्यूयॉर्क अशी नावं डोळ्यांपुढे येतात; सांगली, मिरज, कराड, सातारा येत नाहीत. पण ज्या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पोटासाठी बाहेर पडली, त्या मुलखातल्या वाचकाला ही कथा आतून कळेल असं मला वाटतं. म्हणून आधी सुलतान खानांकडे जाऊ.

पंजाबातल्या मिठा तिवाना गावचे हे गृहस्थ. बुद्धिबळ वडिलांकडून शिकले, पण ते देशी. देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह लागण्याआधी, एकदा घोड्याची उडी घेता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते कुठल्या घरात पोचलं यावर त्याचं काय होणार ते ठरतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. डाव संथपणे उलगडतो, फळी शांतपणे रचली जाते आणि मारामारी उशिरा सुरू होते. आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंनाही हीच घडण होती. मुंबईत 1814 साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, तेही विलायती खेळाच्या रीतीला जुळवून. तेव्हा विलायती नियम शिकणं म्हणजे चार नवे नियम पाठ करणं नव्हतं. हाताला लागलेलं सगळं वळण मोडावं लागत होतं.

सर उमर हयात खान या जमीनदार सरदाराने सुलतान खानांना आश्रय दिला आणि 1926 च्या सुमारास विलायती नियमांची ओळख करून दिली. 1928 मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतान खान एकही डाव न हरता जिंकले. 1929 च्या वसंतात सर उमरांसोबत ते लंडनला पोचले. तिथल्या पहिल्या सराव-स्पर्धेत ते तळाला राहिले, कारण ओपनिंगची पुस्तकी विद्या त्यांच्यापाशी नव्हती. मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना शिकवलं. काही महिन्यांतच रॅम्सगेटला ते ब्रिटिश विजेते झाले. पुढे 1932 आणि 1933 लाही. 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांकाला हरवलं. 1931 मध्ये युरोपातल्या नावाजलेल्या टार्टाकोवरशी सामना जिंकला. 1930, 1931 आणि 1933 च्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसले. ज्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं त्या देशातून आलेला माणूस इंग्लंडच्या संघाचं नेतृत्व करत होता. थंडीने आणि हिवतापाने ते सतत आजारी असत.

1933 च्या अखेरीस सर उमर परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. नंतर तो 1935 चा सामना. पुढची तीसेक वर्षं शेतीवाडी, घरसंसार. 1966 मध्ये सरगोधा इथे निधन. 1950 मध्ये जागतिक संघटनेने पहिल्या सत्तावीस जणांना ग्रँडमास्टर किताब दिला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. तो मान मिळाला फेब्रुवारी 2024 मध्ये, निधनानंतर अठ्ठावन्न वर्षांनी. ‘निरक्षर नोकर’ अशी त्यांची जी प्रतिमा इंग्रजी लेखनात रुजली ती त्यांच्या कुटुंबीयांना मान्य नाही. घराणं जमीनदारांचं होतं आणि ते लिहू-वाचू शकत होते, असं नातीने स्पष्ट लिहिलं आहे. माझा कल तिच्या बाजूला आहे. साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला हरवणाऱ्याला अडाणी ठरवलं की पराभव सोसायला सोपा जातो.

या आयुष्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते. मुलांना बुद्धिबळ शिकवायला ते तयार नसत. आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करा, असं ते सांगत, ही त्यांच्या थोरल्या मुलाची आठवण आहे. विंटर आणि येट्स यांनी जे हातात दिलं होतं ते त्यांनी पुढे कुणाच्या हाती दिलं नाही. पुस्तक नाही, टिपणं नाहीत, शिष्य नाही. दोष देण्याचा मला अधिकार नाही. जो खेळ पोट भरत नाही आणि ज्यात धन्याच्या मर्जीवर घर आणि देश बदलावे लागतात, तो मुलांना द्यावासा वाटला नसेल तर नवल कसलं? पण परिणाम मात्र उघड आहे. एवढा मोठा खेळाडू होऊन गेला आणि त्याची परंपरा निर्माण झाली नाही.

आता याच्या शेजारी लेव्ह आल्बर्ट यांचं आयुष्य ठेवू. जन्म 1945 चा, वाढले ओडेसात, 1972 पासून सलग तीन वर्षं युक्रेनचे विजेते, 1977 मध्ये ग्रँडमास्टर. 1979 मध्ये पश्चिम जर्मनीत खेळायला गेले असताना त्यांनी सोव्हिएत संघात परतायचं नाकारलं आणि अमेरिका गाठली. 1984, 1985 आणि 1990 असे तीनदा ते अमेरिकेचे विजेते झाले. पण नुसत्या बक्षिसांवर तिथे जगणं कठीण होतं. सोव्हिएत राज्यात ग्रँडमास्टर हा सरकारी पगाराचा माणूस होता आणि प्रशिक्षक हाही. लहान मुलांच्या पायोनियर भवनात पायरीपायरीने शिकवण्याची, गृहपाठाची, जुन्या डावांच्या चिरफाडीची शिस्त तिथे बसलेली होती. देश सोडताना पगार आणि ओळख मागे राहिली. शिकवण्याची ही रीत तेवढी बरोबर आली. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट शिकवू लागले, तेही वयात आलेल्या, धंदा-नोकरी करणाऱ्या माणसांना. रोमन पेल्ट्स हे सोव्हिएत प्रशिक्षकही देश सोडून कॅनडाला गेले होते. या दोघांनी मिळून बुद्धिबळाचा सर्वांगीण अभ्यासक्रम पुस्तकरूपाने इंग्रजीत आणला. मॉस्को-ओडेसात जे भिंतींच्या आत शिकवलं जायचं ते कुणाही दुकानात विकत मिळू लागलं.

बोरिस गुल्को यांना देशाबाहेर सहज पडता आलं नाही. 1977 चे सोव्हिएत सहविजेते. देश सोडण्याचा अर्ज केला आणि सात वर्षं अडकून पडले. उपोषणं केली, निदर्शनं केली. 1986 मध्ये पत्नी ॲना अख्शारुमोवा यांच्यासह सुटका झाली. त्याही तिथल्या अव्वल खेळाडू. पुढे गुल्को दोनदा अमेरिकेचे विजेते झाले. दोन्ही देशांचं विजेतेपद मिळवणारा दुसरा कुणी नाही. ग्रेगरी कायदानोव्ह युक्रेनमधल्या बेर्डिचिव्हचे. ते केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनसारख्या शहरात स्थिरावले आणि त्या आडबाजूच्या गावाला बुद्धिबळाच्या नकाशावर जागा मिळाली. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शनिवार-रविवारी बुद्धिबळाच्या शिकवणीला जातात, तेव्हा ज्या पद्धतीने ती शिकतात तिच्यामागे अशा निर्वासितांची एक पिढी उभी आहे.

एक गोष्ट आपल्या उंबऱ्याजवळची. सप्टेंबर 1939 मध्ये मिगेल नायडॉर्फ पोलंडच्या संघातून ब्युनोस आयर्सला ऑलिंपियाड खेळत होते आणि तिकडे जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ते अर्जेंटिनातच राहिले. मागे राहिलेल्या आपल्या माणसांपर्यंत बातमी पोचावी या आशेने त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून एकाच वेळी कित्येकांशी खेळण्याचे विक्रम केले. 1947 मध्ये साओ पाउलोत पंचेचाळीस पटांवर. बातमी पोचायला कुणी उरलं नव्हतं. त्याच युद्धाने उखडलेले पोलिश लोक 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते, आणि त्यांच्यातल्या आजारी मुलांना सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला हवापालटासाठी ठेवलं जाई. सांगलीहून तासाभराच्या अंतरावर ही छावणी होती.

सातारा आणि सांगली ही नावं मी एका दमात घेतो, त्याला कारण आहे. संस्थानं विलीन झाली तेव्हा 1949 मध्ये जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळालं. दोन्हीकडे कृष्णा वाहते आणि दोन्हीकडे तिच्या पाण्यापासून लांब असलेला दुष्काळी पट्टा आहे. माण, खटाव, खानापूर, आटपाडी. या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि सोनं-चांदी गाळण्याची ती कला घेऊन देशभर पांगली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, जिथे सराफ पेठ तिथे विट्याकडचा गलाईवाला. दुकान परमुलखात आणि जत्रेला माणूस गावी, असं दुहेरी आयुष्य हजारो घरं जगत आली. विद्या हातात असेल तर पाय कुठेही टेकवता येतात हे या घरांना कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. आणि ही कला पुढच्या पिढीकडे कशी जाते? गावाकडचा एखादा पोरगा दुकानात घेतला जातो आणि शेजारी बसून शिकतो. आल्बर्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये केलं ते याहून फार निराळं नव्हतं.

भारतात अशा स्थलांतरित शिक्षकाचं ठळक उदाहरण म्हणजे मॅन्युएल आरन. जन्म 1935 चा, ब्रह्मदेशातल्या तौंगूचा. लहानपणीच कुटुंब तमिळनाडूत आलं. 1961 मध्ये ते भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले आणि नऊ वेळा राष्ट्रीय विजेते. पण त्यांचं मोठं काम 1972 चं आहे असं माझं मत आहे. त्या वर्षी मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात त्यांनी माजी जगज्जेते ताल यांच्या नावाने क्लब सुरू केला. रशियन पुस्तकं, मासिकं, बसायला जागा, खेळायला सोबती. त्याच क्लबात विश्वनाथन आनंद नावाचा मुलगा वाढला. 1955 मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा डी. वेंकय्यांसोबत रा. भा. सप्रे संयुक्त विजेते होते. मराठी माणूस आरंभी मागे नव्हता. पण 1988 मध्ये आनंद देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि महाराष्ट्राला प्रवीण ठिपसे यांच्या रूपाने पहिला ग्रँडमास्टर मिळायला 1997 उजाडलं. मधल्या काळात बुद्धी इकडे कमी आणि तिकडे जास्त होती असं कुणी म्हणणार नाही. तिकडे आरन आणि तो क्लब होता.

आणि तरीही आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणणं सांगलीवर अन्याय करणारं ठरेल. खाडिलकर हे नाव घेतलं की सांगलीकराला नाटककार कृष्णाजी प्रभाकर आठवतात. 1872 मध्ये सांगलीत जन्मलेले, मुंबईत जाऊन ‘केसरी’नंतर ‘नवाकाळ’ उभा करणारे. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी भारतीय महिला बुद्धिबळाचं पहिलं दशक जवळपास आपल्या घरातच ठेवलं. 1974 ची पहिली महिला राष्ट्रीय विजेती वासंती. जयश्रीनेही राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेती, आणि 1981 मध्ये हैदराबादला आशियाई विजेती. 1976 मध्ये तेरा वर्षांची ही मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयात गेलं, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. तीन पिढ्यांपूर्वी सांगली सोडलेल्या घरातल्या मुलीने जगातल्या सगळ्या मुलींसाठी एक दार उघडलं. हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

ज्यांनी सांगली सोडली त्यांचं हे झालं. सांगलीत राहून ज्यांनी काम केलं त्यांत पहिलं नाव भाऊसाहेब पडसलगीकरांचं. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब ही दोन नावं सांगलीत वेगळी उच्चारलीच जात नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीतला बुद्धिबळ महोत्सव त्यांनी दशकानुदशकं चालवला. परप्रांतातले खेळाडू त्यासाठी सांगलीची वाट धरत. मुलींच्या खेळाला त्यांनी मुद्दाम बळ दिलं. केवळ महिलांसाठीची स्पर्धा ही त्या महोत्सवाची खूण होऊन बसली. 1980 मध्ये सांगलीत जन्मलेली स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली ती याच वातावरणात वाढून. पटवर्धनांची राजधानी, 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा श्रीगणेशा केला ते हे गाव. आश्रय देण्याची सवय गावाच्या अंगात होती. पण आश्रयाला माणूस लागतो. वर्षामागून वर्षं त्याच पटांची मांडामांड करणारा, घड्याळं जपणारा, नव्या मुलाला उंट तिरका का जातो हे पहिल्यांदाच सांगत असल्याच्या उत्साहाने सांगणारा. भाऊसाहेब स्वतः ग्रँडमास्टर नव्हते. सुलतान खानांजवळ जे अफाट होतं ते त्यांच्याजवळ नव्हतं, आणि सुलतान खानांना जे जमलं नाही ते त्यांनी आयुष्यभर केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बुद्धिबळपटूची कारकीर्द मोजताना आपण किताब आणि रेटिंग मोजतो, आणि त्याने किती हातांत पट दिला हे मोजत नाही. देश सोडून गेलेल्या ग्रँडमास्टरच्या बाबतीत ही चूक ठळकपणे दिसते, कारण तिथे किताब मागे पडतो आणि शिकवणीच त्याला जगवते. पण चूक सगळीकडचीच आहे. शिक्षकाला देव मानणारा हा मुलूख. 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे साताऱ्याहून ती घरोघर पोचली. त्याच मुलखात बुद्धिबळ शिकवणाऱ्याला मात्र ‘क्लास घेतो’ एवढीच ओळख मिळते. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताबही. अशा यशानंतर गावोगाव वर्ग सुरू होतात, पालक रांगा लावतात. हे चांगलंच आहे. मात्र सहा महिन्यांत रेटिंग किती वाढेल हा पहिला प्रश्न असतो तिथे शिक्षकाला शिकवायला उसंत मिळत नाही. ओपनिंगच्या खेळ्या घोकून घेणं त्याला सोपं पडतं. राजा आणि प्याद्याचा साधा शेवट मुलाला स्वतः उलगडू द्यायला वेळ लागतो. जुन्या देशी खेळाडूंची ताकद या शेवटातच होती. सुलतान खानांचे डाव उघडून पाहावेत, ओपनिंगला गडबडलेले डाव शेवटात त्यांनी कसे काढले ते कळेल.

ते डाव आज पाहता येतात, कारण इंग्लंडात कुणीतरी ते लिहून ठेवले आणि छापले. आपल्याकडे लिहिण्याचीच हयगय झाली. मंडळांच्या दप्तरात, माळ्यावरच्या ट्रंकांत, निवृत्त मास्तरांच्या वह्यांत किती डाव असतील याचा अंदाज करवत नाही. आणि आपल्या भागात कागदाचा वैरी ठरलेला आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतल्या जुन्या वाचनालयाची दुर्मीळ पुस्तकं चिखलात गेली. घराघरांतून काय वाहून गेलं त्याची तर नोंदच नाही.

म्हणून वाचकाला एक विनंती करतो. तुमच्या घरी आजोबांची, मावशीची, शेजारच्या सरांची डाव लिहिलेली वही असेल, जुन्या स्पर्धेची पत्रिका असेल, स्कोअरशीटांचा गठ्ठा असेल, तर तो रद्दीत देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढून एक प्रत जवळच्या बुद्धिबळ मंडळाकडे आणि एक वाचनालयाकडे द्या. पानावर साल, गाव आणि दोन्ही खेळाडूंची नावं लिहा, आणि त्यांना कुणी शिकवलं ते ठाऊक असेल तर तेही लिहा.